गंज नव्हता तो

जुन्नर
१२ जून २०२५

हर्षाली,

तू फोन उचलत नाहीस आणि माझे मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून हे रजिस्टर पोस्टाने चेन्नईला पाठवते आहे. सही करून घ्यावं लागतं, म्हणजे मिळालं नाही असं नंतर म्हणता येत नाही.

एकच प्रश्न आहे. तुझ्या पाठवणीच्या दिवशी कळंबच्या पुलाअलीकडे तुमची अ‍ॅम्बॅसिडर उकळली. तेव्हा रेडिएटरमधून रस्त्यावर पडलेलं पाणी कोणत्या रंगाचं होतं?

तांबडं. मी गाडीत हिरवं कूलंट भरलं होतं. भरताना तू टॉर्च धरून उभी होतीस.

"गंज हाय ह्यो," तुझे आजोबा म्हणाले. "पोरीनं इंजिन धुतलंच न्हाई." मग अख्खं वऱ्हाड तेच म्हणायला लागलं. मी सांगत होते की इंजिनातल्या पाण्याच्या वाटा मी तारेने खरवडून, उलटं पाणी सोडून, स्वच्छ होईपर्यंत धुतल्या आहेत. कोणी ऐकत नव्हतं, कारण त्याच वेळी तुझा भाऊ भरत भाजलेला हात धरून रस्त्याच्या कडेला बसला होता. मी मागच्या टेम्पोतून उतरून ओरडत येत होते, टोपणाला हात लावू नको म्हणून. माझा आवाज पोचण्याआधी त्याने टॉवेल गुंडाळून टोपण फिरवलं होतं. हात आणि मान. त्यावर मीच पाणी ओतत बसले, आणि माझ्या डोक्यावर माणसं उभी राहून मलाच बोलत होती.

तू मागच्या सीटवर होतीस. काचेचं हँडल फिरवून तू काच खाली घेतलीस, रस्त्यावरच्या पाण्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. आणि पुन्हा हँडल फिरवलंस.

तू चेन्नईत गाड्यांच्या कूलिंगवरच काम करतेस. त्या पाण्याचा रंग तुला कळला नाही, हे मला सांगू नकोस.

आजोबांना फोन कर. तो गंज नव्हता, एवढंच सांग. बाकी मी पाहीन.

मनाल

*

५ जुलै २०२५

हर्षाली,

पोचपावती आली. सही तुझीच आहे. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वह्यांवर करायचीस तशीच, शेवटची वेलांटी लांब ओढलेली. उत्तर नाही.

तुला विसर पडला असेल तर एप्रिलमधलं सांगते. गाडी आमच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात आणली तेव्हा रेडिएटर अर्धा बंद होता. तुमच्या घरातली प्रत्येक मुलगी याच गाडीतून सासरी गेली आहे, आणि लग्नात हळदीच्या दिवशी नवरीनंतर गाडीलाही हळद लागते. बॉनेटवर पाच बोटं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण तुमचा जुना ड्रायव्हर भागू त्याच दिवशी मूठभर हळद रेडिएटरमध्येही टाकायचा. रेडिएटर कुठे झिरपत असेल तर हळद फुगून भोक बुजवते, हा त्याचा शोध. रस्त्यात अडकलेल्या माणसाने घरी पोचण्यापुरतं केलं तर चालतं. तुमच्याकडे ते दर लग्नाला, गळती असो नसो, करत राहिले. भागू वारला तरी थांबलं नाही.

मी तो जुना रेडिएटर धुण्याच्या सोड्यात बुडवला, तेव्हा टाकीतलं पाणी लालभडक झालं. तू किंचाळलीस. मग तूच हसत अब्बांना समजावून सांगितलंस की हळद सोड्यात, चुन्यात, साबणात लाल होते आणि आंबट लागलं की परत पिवळी. अब्बा म्हणाले, "म्हणजे कपड्यावरचा डाग." तू म्हणालीस, "अगदी तस्संच, चाचा."

त्यानंतर मी नवा कोअर, म्हणजे रेडिएटरचा नळ्यांचा गाभा, बसवला. तांब्याचाच, पण नळ्या जुन्यापेक्षा बारीक आणि जास्त. भागूने काढून फेकलेल्या थर्मोस्टॅटच्या जागी नवा थर्मोस्टॅट बसवला. बोअरचं पाणी बंद केलं, कारण त्यातल्या क्षारांनी आतून पांढरे थर धरले होते. आणि तुला म्हणाले, "आता यात हळदीचा कणही जाता कामा नये. या नळ्यांना तो सोसणार नाही." तू हात जोडलेस, "नाही जाणार बाई." हे सगळं तुला आठवत असणार.

कूलंटही सोड्याच्याच जातीचं. त्यात हळद गेली तर ते कोणत्या रंगाचं होईल, हे या दोन तालुक्यांत तुला, मला आणि अब्बांनाच माहीत होतं. अब्बा लग्नाला नव्हते.

गाडी आता अवसरीला तुमच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. मी उघडून बघायला गेले. आजोबा ओट्यावर होते. म्हणाले, "पोरी, शिकलीस लई, पर गाडी शिकली न्हाईस. जा घरी." चहा दिला नाही. त्या घरात मला चहा मिळाला नाही, असं पहिल्यांदाच झालं. निघताना भरतला तेवढं सांगितलं, इंजिनात हळद गेली होती म्हणून.

आता इकडचं. अब्बांच्या हाताला कंप सुटला आहे, सोल्डरचा डाग देता येत नाही, काम मीच करते. पारगावच्या कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचे रेडिएटर दर वर्षी हंगामाआधी आमच्याकडे येतात. त्यावरच आमचं वर्ष चालतं. परवा रामदास आला. पारगावचे ट्रॅक्टरवाले तो म्हणेल तिकडे जातात. खाली बसलाही नाही.

"ताई, तुमचा हात चांगला हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर लोक हसत्यात ना राव. म्हनत्यात, नवरीची गाडी उकळवली तिच्याकडं चालला व्हय?"

"रेडिएटर उघडून कोणी पाहिला आहे का?"

"आता उघडून काय पोस्टमार्टम करायचंय? पोराचा हात भाजला की."

माझा भाऊ इरफान पुण्याहून आला होता. दुकान मोबाइलच्या कव्हरवाल्याला भाड्याने द्यायचं आणि अब्बांना घेऊन जायचं, असं त्याचं ठरलं आहे. मी त्याच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत घेतली. पारगावचे ट्रॅक्टर आले तर दुकान राहील, नाही आले तर बोर्ड उतरेल. बोर्डवर अब्बांचं नाव आहे, माझं नाही. बदनामी माझी झाली आणि उतरणार त्यांचं नाव.

तुझ्या एका फोनचं काम आहे.

मनाल

*

२७ जुलै २०२५, रविवार

हर्षाली,

आज बाजार होता. दुपारी दुकानासमोर तुझी साळू आत्या उभी राहिली, हातात मेथीच्या जुड्या. मी आत बोलावलं. खुर्चीवर बसल्या नाहीत, पायरीवर बसल्या.

म्हणाल्या, "मनाल, भरत म्हनत व्हता, तू म्हनतीस इंजिनात हळद गेली. खरं का गं?"

मी म्हणाले, "हो."

बराच वेळ जुडीची देठं मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्याच वतली बाई. हर्षूची उष्टी हळद उरली व्हती, तेलात कालवलेली. तांब्यात पानी घालून वतली. भागू टाकायचा, म्हनून. गाडीला हळद लागली न्हाई तर पोरगी सुखानं जाईल का? मला काय म्हाईत नवं यंत्र घातलंय ते."

तेलात कालवलेली. म्हणजे नुसती भुकटीही नाही, लगदा.

मला राग आला होता, पण त्यांच्यावर राहिला नाही. ज्या बाईला कोणी काही सांगितलंच नाही, तिच्यावर मी काय रागावू? लहान वयात नवरा गेल्यावर ती बापाच्या घरी परत आली, तेव्हापासून तुमच्याकडच्या प्रत्येक लग्नाची हळद तिने जात्यावर दळली आहे, आणि एकाही नवरीला लावलेली नाही. विधवेने लावायची नसते म्हणून. गाडीला लावायला मात्र कोणाची हरकत नव्हती. हे तिने मला सांगितलं नाही. मी तुमच्या घरी तीन हळदी पाहिल्या आहेत, मला दिसलं.

मी विचारलं, "आत्या, तुम्ही ओतलीत तेव्हा तिथे कोण होतं?"

"हर्षू व्हती की. टोपन तिनंच काढून दिलं. मला कुठं फिरतंय ते. म्या इचारलं बी, टाकू का गं? ती हसली. म्हनली, टाक आत्या, आज तुला कोन न्हाई म्हनणार."

मी हे वाक्य आत्यांना पुन्हा म्हणायला लावलं. तेच म्हणाल्या.

म्हणजे आत्ताआत्तापर्यंत मी समजत होते की तू पाणी पाहिलंस आणि गप्प बसलीस. तू त्याआधीच गप्प बसली होतीस. टोपण तू उघडलंस. तू इंजिनिअर आहेस, हर्षाली. पगार याचाच घेतेस. "आत्या, नको, बॉनेटला लाव, आत नको," एवढं म्हणायला तुला किती वेळ लागला असता? तुला हळदीच्या दिवशी कोणाला नाराज करायचं नव्हतं. नाराज करायचं नसलं की तू माणसांशी किती गोड वागतेस ते मी कॉलेजात चार वर्षं पाहिलं आहे. त्या गोडव्याची किंमत दुसरं कोणीतरी भरतं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. या वेळी भरतने भरली, आणि आता अब्बा भरतील.

जाताना आत्यांनी माझा हात धरला. "पोरीचं सासरचं पयलं वरीस हाय. तिचं नाव घेऊ नकोस. माझं घेतलंस तरी चालंल." मी शब्द दिला. द्यायला नको होता, पण दिला.

आता आत्यांचं नावही मी घेणार नाही. घेतलं तर त्या घरात त्यांचं काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणजे मला बोलताच येत नाही. बोलू शकणारी तू एकटी उरलीस.

मनाल

*

२० ऑगस्ट २०२५

अखेर तुझा मेसेज आला. नवीन नंबरवरून, तोही दोन वाक्यांचा. 'जुनं उकरून आत्याला त्रास देऊ नकोस. आमच्या कंपनीत टेस्टिंगला जागा आहे, तुझा बायोडेटा पाठव.'

बायोडेटा पाठवणार नाही. मला काम आहे. ते वाचवण्याबद्दलच मी तुला तीन पत्रं लिहिली.

आणि आत्यांचं नाव पुढे करून तू मागे उभी राहू नकोस. त्रास कोण देतं आहे, ते नीट मोजून बघ.

मनाल

*

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

हर्षाली,

दुपारी फोनवर तू जे बोललीस ते स्पीकरवर होतं. ऐकणारे कोण होते ते तुला माहीत नाही. म्हणून लिहिते.

आजोबांनी गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. का आणली ते सांगितलं नाही. भरतने आणायला लावली असं मला वाटतं, कारण तोच खाली उतरून म्हणाला, "ताई, उघड. माझ्यासमोर उघड." मानेवरचा डाग अजून आहे. जीपमधून आत्याही आल्या होत्या. बाजार होता, म्हणून रामदासही ट्रॅक्टर घेऊन गावात होता. गाडी बघून थांबला. तमाशा बघायला माणसं थांबतातच.

मी रेडिएटर खाली उतरवला. वरची टाकी डाग वितळवून वेगळी केली. नळ्यांची तोंडं दिसली, बहुतेक सगळी बुजलेली. पत्र्याची पट्टी घालून एका नळीतला गाळ काढला. सुकलेला, तपकिरी.

"ह्यो बगा गंज," आजोबा म्हणाले.

मी तो गाळ काचेच्या भांड्यात सोड्याच्या पाण्यात घातला. पाणी तांबडं झालं.

"आन् ह्यो बी गंजच," आजोबा म्हणाले. बघ्यांतले दोघं हसले.

मला लिंबू हवं होतं. समोर रामदासच्या ट्रॅक्टरला लिंबू-मिरची लटकत होती, कालच बांधलेली. मी तोडली.

"ओ ताई! ओ, उतारा हाय तो! नजर लागंल ट्रॅक्टरला!"

"लागू दे. रेडिएटर मी करून देईन."

लिंबू भांड्यात पिळलं. पाणी पिवळं झालं, तुझ्या हळदीच्या साडीसारखं. गंजावर लिंबू पिळलं तर असा रंग येत नाही, हे मला कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. तिथल्या प्रत्येकाच्या घरी हळदीचा डाग साबणाने लाल झालेला होता. मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई, हळद हाय की ही!" अब्बा इतका वेळ बाकावर होते. उठून त्यांनी ते भांडं रामदासच्या हातात दिलं. कंप पावणाऱ्या हाताने, पण एक थेंब न सांडता.

आजोबांनी मला विचारलं, "कुनी टाकली?"

मी म्हणाले, "रेडिएटर उघडून एवढंच कळतं की काय आहे. कोणी टाकलं ते कळत नाही."

मी आत्यांकडे पाहिलं नाही. बहुतेक त्यामुळेच आजोबांना संशय आला. त्यांनी तिथेच तुला फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलतात, हे तू विसरलीस.

"हर्षू, गाडीत हळद कुनी वतली?"

  तू म्हणालीस, "आत्याने टाकली असेल, आजोबा. मी तयारीत होते, मला काय माहीत."

आत्या तुझ्या आवाजापासून दोन हातांवर उभ्या होत्या. आजोबांनी मान वळवली. "साळे, तुला कुनी सांगितलं व्हतं गं?" आत्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता सांगतील. त्या म्हणाल्या, "कुनी न्हाई. माझीच बुद्धी." आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी नको म्हणाल्या. मी शब्द दिला होता. मी खाली बसून नळ्या साफ करायला लागले. हातातली पट्टी वाकली.

भरत जीपकडे निघून गेला. जाता जाता म्हणाला, आत्याच्या हातचं आता जेवणार नाही.

तर मी जे मागत होते ते मला मिळालं. रामदासने भांडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "परवापासनं आनतो ट्रॅक्टर. पर लिंबू तुमच्याकडनं." दुकान राहील. इरफानला कळवलं. बोर्ड उतरत नाही. कोणीतरी अब्बांना पेढाही दिला.

आणि मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. कळंबला तू गप्प बसलीस तेव्हाही नाही. तेव्हा तू गप्प तरी होतीस. आज तू बोललीस, आणि बोलून ज्या बाईने तुझ्यासाठी हळद दळली तिच्यावर ढकललंस. माझ्यावरचा आळ गेला तो तू खरं बोललीस म्हणून नाही, लिंबामुळे गेला. तुझं मी काही देणं लागत नाही.

मनाल

*

८ ऑक्टोबर २०२५

हर्षाली,

गाडी तयार आहे. जे केलं ते सांगते, कारण तुला त्यात बसायचं आहे.

उकळल्यामुळे सिलिंडर हेड किंचित वाकलं होतं. ते सपाट करून घेतलं, गॅसकेट नवी घातली. कोअर वाचला नाही, दुसरा बसवला. टाकीत बुडवून हवा भरून पाहिली, एकही बुडबुडा नाही. वॉटर पंपाचं बेअरिंग आवाज करत होतं, बदललं. पंख्याचा पट्टा नवा. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टांगून, कोणत्या तापमानाला उघडतो ते बघून मगच बसवला. काल डिंभ्यापर्यंत नेली, धरणाच्या चढावर मुद्दाम हळू चालवली, वर जाऊन इंजिन चालू ठेवून उभी केली. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

शेजारच्या सीटवर साळू आत्या होत्या. आजोबा म्हणाले, पोरी, गाडी तूच चालवून बघ, सोबतीला कोणीतरी ने. मी त्यांचं नाव घेतलं. आजोबा नाही म्हणाले नाहीत. आत्या पहिल्यांदा मागे बसायला गेल्या. त्या गाडीत पुढे कधी बसल्याच नव्हत्या. मी दार उघडून धरलं. धरणावर उतरल्यावर त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "लई पानी हाय गं." तुझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. परत येताना घोडेगावला चहा प्यायलो. पैसे त्यांनी दिले, मला देऊ दिले नाहीत.

दिवाळसणाला तुम्ही दोघं येता आहात. आजोबांनी गावात सांगून ठेवलं आहे की लेक-जावई अ‍ॅम्बॅसिडरमधूनच येतील, पुण्याच्या विमानतळापासून अवसरीपर्यंत. गाडी आली नाही तर लोक म्हणतील की उकळली ती उकळलीच. त्यांनी मला चालवायला सांगितलं. आता ते मला चहाही देतात. मी एका अटीवर हो म्हणाले, आणि ती अट त्यांनी मान्य केली आहे.

आत्यांना दिलेला शब्द मी पाळणार आहे. वाटेत मी एक अक्षर बोलणार नाही. रेडिओ नाही त्या गाडीत, तू जाणतेस. विमानतळ ते अवसरी, सणाची गर्दी धरून, अर्धा दिवस जाईल. गाडी हळू चालेल, पण तापणार नाही, त्याची हमी माझी. गाडी थांबवून टोपण उघडायची वेळ येणार नाही. म्हणजे अर्धा दिवस तुला दुसरं काही काम नसेल.

टोपण कोणी काढून दिलं, आणि "टाक आत्या" कोण म्हणालं, हे तुझ्या नवऱ्यासमोर बोलायचं की अवसरीच्या ओट्यावर आजोबा आणि भरतसमोर, ते तू ठरव. चुलीजवळ आत्याच्या कानात बोललीस तर ते बोलणं धरणार नाही. आळ तू स्पीकरवर घातलास.

आणि या वेळी काच खाली-वर करण्याचा त्रास नको. मागच्या दोन्ही दारांच्या काचांची हँडल झिजली होती, मी काढून ठेवली आहेत. नवी मिळाली की बसवीन.

सामान डिकीत मावेल. तू आणि जावई मागे बसा. पुढे आत्या बसणार आहेत.

मनाल